मोर्चाला निघण्याआधी: सातारा-सांगलीतल्या तरुण कार्यकर्त्यांना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

ऊसदर, धरणग्रस्तांच्या जमिनी, पाण्याची आवर्तनं, आरक्षण, जातीचे दाखले, आशाताई आणि अंगणवाडीताईंचं मानधन. आपल्या दोन जिल्ह्यांत असा महिना जात नाही की कुठल्या तरी चौकात ठिय्या बसलेला नाही. मागण्या बहुतेक वेळा रास्त असतात. तुमच्यातले कितीतरी जण माझ्या वर्गात इतिहास शिकून गेले आहेत, आणि तुम्ही रस्त्यावर उतरता याचा मला अभिमान वाटतो. तरीही हे पत्र मी तक्रार म्हणून लिहिते आहे.

तक्रार एकच आहे. तुम्ही तयारी करत नाही. बॅनर छापता, गाड्या ठरवता, ग्रुपवर निरोप टाकता, पोलीस ठाण्यात निवेदन देता, आणि निघता. समोरून शिवी आली, धक्का आला, लाठी आली, तर आपल्यातल्या प्रत्येकाने नेमकं काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नसतं. मग गर्दीच्या मागच्या टोकाकडून एक दगड सुटतो आणि एसटीची काच फुटते. दुसऱ्या दिवशी बातमीत दराचा आकडा शोधावा लागतो, फुटलेल्या काचेचा फोटो मात्र पहिल्या पानावर असतो. नेते जामिनावर सुटतात. पंचवीस पोरं पुढची कित्येक वर्षं तालुक्याच्या कोर्टात तारखा मोजतात. पोलीस भरतीत मैदानी परीक्षा पास झालेला मुलगा चारित्र्य पडताळणीत अडकतो. अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आयांना तोंड देणं फार कठीण जातं.

म्हणून तुम्हाला एका ख्रिस्ती पाळकाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, आयुष्याबद्दल सांगायचं आहे. रेव्हरंड जेम्स लॉसन ९ जून २०२४ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसला वारले, वयाच्या ९५ व्या वर्षी. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क लढ्यात मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव जगभर झालं. पण तो लढा लढणारी मुलं ज्यांनी घडवली, त्यांत लॉसन यांचं नाव फार वर येतं. आपल्याकडे ते जवळपास कुणाला माहीत नाही. वास्तविक त्यांच्या घडणीची तीन वर्षं आपल्या नागपुरात गेली.

त्यांचा जन्म १९२८ चा. वडील मेथडिस्ट पंथाचे पाळक, आई मूळची जमैकाची. ओहायो राज्यातल्या मॅसिलन गावात लहानाचे मोठे झाले. शाळकरी वयात एकदा एका गोऱ्या मुलाने मोटारीतून त्यांना रंगावरून शिवी दिली. जेम्सने जाऊन त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन आईला सांगितलं. आईने विचारलं, यातून काय चांगलं झालं? याहून बरा मार्ग असलाच पाहिजे. ही आठवण ते म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. पुढे कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती आली. विद्यार्थी म्हणून किंवा पाळकपदाचा उमेदवार म्हणून त्यांना सवलत मिळू शकली असती. त्यांनी ती मागितलीच नाही, भरतीला सरळ नकार दिला. तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातलं वर्षभराहून थोडं अधिक तुरुंगात काढलं. सुटल्यावर १९५३ साली मेथडिस्ट मिशनतर्फे ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. मुलांना खेळ शिकवायचे, त्यांच्यात वावरायचे, आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करायचे.

डिसेंबर १९५५ मध्ये नागपुरातल्याच एका इंग्रजी वर्तमानपत्रात त्यांनी बातमी वाचली: अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला आहे. ज्याची वाट पाहत होतो ते घरी सुरू झालं, म्हणून हा माणूस आनंदाने अक्षरशः उड्या मारू लागला. दुसऱ्याच वर्षी ते परतले. ऑबर्लिनच्या कॉलेजात धर्मशास्त्र शिकत असताना फेब्रुवारी १९५७ मध्ये किंग तिथे व्याख्यानाला आले. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. शिक्षण पुरं करून दक्षिणेत येईन, असं लॉसन म्हणाले. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या.

लॉसन गेले ते टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला. तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात नाव घातलं, आणि संध्याकाळी एका चर्चमध्ये कॉलेजच्या मुलामुलींचे वर्ग सुरू केले. त्या वर्गांबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण हे पत्र त्यांच्यासाठीच आहे.

आधी त्यांनी मोर्चा ठरवला नाही. आधी विचारलं, या शहरात तुम्हाला सर्वांत जास्त कशाचा त्रास होतो? बायका बोलल्या. मोठ्या दुकानांत आमचे पैसे चालतात, कापड घेता येतं, भांडी घेता येतात, पण तिथल्याच खाण्याच्या काउंटरवर बसता येत नाही. दिवसभर खरेदी करताना लेकरांना टेकायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही. म्हणून तेच काउंटर निवडलं. मग कित्येक आठवडे सराव. चर्चच्या खोलीत खुर्च्या ओळीने मांडून काउंटर करायचं. काहींनी त्यावर बसायचं, काहींनी गोऱ्या गुंडांचं सोंग घ्यायचं. बसलेल्यांना घाणेरड्या शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा, खुर्चीवरून खाली खेचायचं. खाली पडल्यावर अंगाची मुटकुळी कशी करायची, डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर हात न उचलता त्याच्यावर ओणवं होऊन मार कसा वाटून घ्यायचा, हे सगळं करून पाहायचं. मग सोंगं बदलायची. आणि शेवटी बसून बोलायचं: राग कधी आला, कशाने आला, कसा आवरला. ज्याला आवरणं जमत नाही असं वाटलं त्याला दुसरं काम द्यायचं. त्यात कमीपणा नव्हता.

नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९ मध्ये नुसती चाचणी झाली. छोटा गट दुकानात गेला, काउंटरवर बसला, खायला मागितलं. नकार आल्यावर व्यवस्थापकाशी सभ्यपणे बोलला आणि परत आला. कुठे काय होतं, कोण काय बोलतं, हे पाहून घेतलं. आपल्यापैकी कोणत्या संघटनेने रास्ता रोकोआधी असं केलं आहे? मला आठवत नाही.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी शंभरावर विद्यार्थी इस्त्रीचे कपडे घालून, पुस्तकं घेऊन काउंटरवर जाऊन बसले. दोन आठवड्यांनी, २७ तारखेला त्यांच्यावर हल्ला झाला. मारणारे मोकळे राहिले, मार खाणारे ८१ जण पकडले गेले. पोलिसांनी पहिली तुकडी उठवून नेली तोवर दुसरी त्याच खुर्च्यांवर येऊन बसली. कोर्टाने पन्नास डॉलर दंड ठोठावला, तर मुलांनी दंड न भरता तुरुंग पत्करला. नियमांचा कागद प्रत्येकाजवळ होता: परत मारू नका, शिवीला शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. तो लिहून काढणाऱ्यांतला एक मुलगा म्हणजे जॉन लुईस, जो पुढे तीसहून अधिक वर्षं अमेरिकन संसदेत होता.

त्याच दिवसांतला एक प्रसंग आहे. एक गोरा तरुण लॉसन यांच्या अंगावर थुंकला. लॉसननी त्याच्याकडेच रुमाल मागितला. त्याने भांबावून दिला. लॉसननी तोंड पुसलं, रुमाल परत केला आणि त्याला विचारलं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे का? दोघं गाड्यांबद्दल बोलू लागले. हे ऐकायला सोपं वाटतं. स्वतः करून पाहा, म्हणजे त्यामागे किती वर्षांची तयारी लागते ते कळेल.

विद्यापीठाने ३ मार्च १९६० ला लॉसन यांना काढून टाकलं. निषेध म्हणून तिथल्या प्राध्यापकांनी राजीनामे दिले. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांची बाजू लढवणाऱ्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता नगरपालिकेवर चालत गेले. पायऱ्यांवर डायॲन नॅश या एकवीस वर्षांच्या मुलीने महापौरांना सरळ विचारलं, माणसाशी त्याच्या रंगावरून भेदभाव करणं योग्य आहे असं तुम्हाला वाटतं का? महापौरांना सगळ्यांसमोर म्हणावं लागलं, नाही, योग्य नाही. १० मे रोजी शहरातल्या सहा दुकानांचे काउंटर सर्वांसाठी खुले झाले. (आपल्या मोर्चांत मुली पहिल्या रांगेत असतात, फोटोपुरत्या. चर्चेच्या टेबलावर किती असतात, हे तुम्हीच मोजा.)

आता तुमचे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला असा, की हे सगळं परदेशातलं. महाड आठवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर सभेला आलेल्यांवर हल्ले झाले, माणसं रक्तबंबाळ झाली. त्या जमावात लष्करात नोकरी करून आलेले लोक होते, उलटा हल्ला करणं त्यांना अवघड नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि ते आवरले गेले. एकीकडे तळ्याचं पाणी, दुसरीकडे खाण्याचं काउंटर. मागणी एकच, शिस्तही एकाच जातकुळीची. ज्या सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा आंबेडकर हे नाव पटावर चढलं, त्या साताऱ्याच्या मुलांनी तरी ही शिस्त परकी म्हणू नये.

दुसरा आक्षेप तुम्ही छातीवर हात मारून घेता: आमचा जिल्हा इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचा, क्रांतिसिंह नाना पाटलांचा, आम्हाला कुणाचा मार खायला शिकवू नका. मी तुम्हाला क्रांतिसिंह शिकवले आहेत, आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण प्रतिसरकारच्या आधी काय झालं ते पूर्ण वाचा. ऑगस्ट-सप्टेंबर १९४२ मध्ये तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले: कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर. तासगावला ३ सप्टेंबरला हजारो शेतकरी शांतपणे कचेरीवर गेले आणि तिरंगा लावून आले. वडूजला ९ तारखेला नि:शस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला, तिथेही माणसं पडली. त्या लोकांना भित्रे म्हणायची कुणाची छाती आहे? आणि पुढे प्रतिसरकारची जी तुफान सेना उभी राहिली, तिच्या पोरांनाही कुंडलला प्रशिक्षण होतंच. हत्यार घेतलेले असोत नाहीतर न घेतलेले, या मातीतल्या ज्या लढ्यांचा तुम्ही अभिमान सांगता त्यांतला एकही विनातयारीचा नव्हता. तालमीत घाम न गाळता आखाड्यात उतरलेल्या पैलवानाला आपल्याकडे कुणी शूर म्हणत नाही.

वडूजचं उदाहरण आणखी एका कारणासाठी दिलं. शांत राहिलं म्हणजे गोळी लागणार नाही, असं मी सांगत नाही. लॉसनही तसं कधी म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की मार बसायचाच असेल तर तो आपल्या मागणीच्या कामी आला पाहिजे.

आणि मेंफिस. तिथला धडा मला नॅशव्हिलपेक्षाही मोठा वाटतो, कारण तिथे गोष्ट बिघडली.

१९६२ पासून लॉसन मेंफिस शहरात पाळक होते. १ फेब्रुवारी १९६८ ला पावसापासून आडोसा घ्यायला कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, गाडीचं यंत्र अचानक सुरू होऊन चिरडून मेले. १२ तारखेला तेराशे कामगारांनी संप केला. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर एवढंच लिहिलेलं असायचं: मी माणूस आहे. संपाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या समितीचं अध्यक्षपद लॉसन यांच्याकडे होतं. त्यांनीच किंग यांना बोलावलं. २८ मार्चला मोर्चा निघाला. हजारो लोक, त्यात शाळा सोडून आलेली पोरं, रांगा सांभाळणारे स्वयंसेवक तोकडे. नॅशव्हिलच्या मुलांनी केलेला सराव इथे कुणी केलेला नव्हता. फलकांच्या काठ्या काढून काहींनी दुकानांच्या काचा फोडल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. लॅरी पेन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. लॉसननी कर्ण्यावरून ओरडून लोकांना चर्चकडे माघारी फिरवलं, मोर्चा थांबवला. देशभरच्या वर्तमानपत्रांत दंगलीची बातमी झाली आणि चिरडलेले दोन कामगार मागे पडले.

अहिंसेचं शिक्षण देण्यात त्या देशात ज्याचा हात धरणारा क्वचितच कुणी होता, त्याच्या शहरात, तो स्वतः पुढे चालत असताना हे घडलं. नेता कितीही मोठा असो, मागची रांग तयार नसेल तर तो एकटा काही करू शकत नाही.

बिघडलेलं दुरुस्त करायला किंग ३ एप्रिलला पुन्हा आले. ४ तारखेला त्यांचा खून झाला. त्या रात्री देशातली शहरं पेटत असताना लॉसन रेडिओवरून लोकांना शांत राहायला सांगत होते. त्यांचा जवळचा मित्र गेला होता. ८ एप्रिलला किंग यांच्या पत्नी कोरेटा यांच्या पुढारीपणाखाली त्याच शहरात हजारोंचा मूक मोर्चा निघाला. या वेळी रांगा आखलेल्या होत्या, स्वयंसेवक जागोजाग होते. एक काच फुटली नाही. १६ एप्रिलला महापालिकेने संघटनेला मान्यता दिली आणि पगारवाढही मान्य केली.

त्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या जेम्स अर्ल रे याला लॉसन नंतर तुरुंगात भेटत राहिले. तुरुंगात त्याचं लग्न लागलं, ते लावणारे पाळकही लॉसनच. हे मला सहज पचत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण आईच्या त्या प्रश्नाला उत्तर देत जगलेला माणूस यापेक्षा वेगळं वागला नसता, एवढं मला कळतं.

१९७४ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या होल्मन चर्चमध्ये गेले आणि १९९९ पर्यंत, पंचवीस वर्षं, एकाच मंडळीचे पाळक राहिले. रविवारी उपदेश, बाकी आठवडाभर हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या बाया, झाडूवाले, कागदपत्रं नसलेले स्थलांतरित मजूर यांच्या संघटना. निवृत्तीनंतरही शिकवणं थांबलं नाही. ज्या विद्यापीठाने १९६० मध्ये काढून टाकलं, त्यानेच २००६ मध्ये त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावलं, आणि ते गेले. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने लॉस एंजेलिसमधल्या आपल्या कामगार केंद्राच्या इमारतीला त्यांचं नाव दिलं, तेव्हा ते हयात होते. आपल्याकडे आटपाडीच्या पाणी परिषदा किंवा कोयना धरणग्रस्तांचे ठिय्ये ज्यांनी वर्षानुवर्षं चालवले, त्यांना हे चिवट काम ओळखीचं वाटेल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मात्र आंदोलन म्हणजे एक दिवस वाटतो.

तर माझी मागणी. कोणत्याही संघटनेचे असा, कोणत्याही रंगाचा गमछा घाला, पुढचं आंदोलन जाहीर करण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी निदान दोन संध्याकाळी सरावाला द्या. शाळेचा वर्ग चालेल, देवळाचा सभामंडप चालेल, चर्चचा हॉल चालेल. एकाने फौजदार व्हावं, एकाने मुद्दाम चिथावणी द्यायला घुसलेला माणूस, एकाने एसटीचा ड्रायव्हर, आणि एकीने रुग्णवाहिकेत बापाला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात निघालेली मुलगी. तिला वाट करून द्यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून पाहा. एखाद्या वकिलाला बोलावून जमावबंदीचा आदेश समजून घ्या. पूर्वी ज्याला आपण कलम १४४ म्हणायचो ते आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ आहे. ताब्यात घेतल्यावर काय बोलायचं, काय सही करायचं नाही, घरी निरोप कुणी द्यायचा, हे लिहून ठेवा. ज्याला शिवी सहन होत नाही त्याला पाणी वाटपावर घ्या, फोन सांभाळायला सांगा. त्याला घरी पाठवू नका.

आणि सुरुवात तिथल्या बायकांना विचारून करा, त्यांना सर्वांत जास्त कशाचा त्रास होतो ते. कदाचित तुम्ही ठरवलेली मागणी त्यांच्या यादीत पाचवी निघेल.

खटाव, खानापूर आणि तासगाव तालुक्यांत कुणी असं शिबिर लावलं तर मी दोन्ही संध्याकाळी येईन, जेवणाची सोय आमच्या बचत गटाच्या बायका करतील असं त्यांनी कबूल केलं आहे. तारखा दसऱ्याच्या आत ठरवा. एकदा कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि तोडी सुरू झाल्या, की तुम्हालाही सवड नसते आणि आम्हालाही.

तुमची,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
विटा, जि. सांगली